टाका शिकता येतो, कापडाचं काय?

धुळ्याचा पारा पुन्हा एक आकडी झाला. कृषी महाविद्यालयातल्या नोंदीचा आकडा रोज सकाळी मोबाइलवर फिरतो आहे आणि देवपुरात रस्त्याच्या कडेला पानिपतच्या ब्लँकेटांचे ढीग लागले आहेत. थंडीच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. या थंडीने एक चांगलं काम मात्र केलं: गोधडीची चौकशी पुन्हा सुरू झाली. विचारणाऱ्या बहुतेक तरुण मुली आहेत आणि त्यांना मोबाइलवर पाहिलेला ‘लॉग केबिन’चा चौकोन शिकायचा आहे.

जरूर शिकावा. शिलाई मशीन चालवता येणाऱ्या कुणालाही तो एका दुपारी जमतो. मधोमध अडीच इंचांचा तुकडा, रिवाजाने लाल. त्याच्या एका बाजूला दीड इंच रुंदीची पट्टी पाव इंच शिवण धरून जोडायची, जास्तीची कापायची, शिवण बाहेरच्या अंगाला वळवून इस्त्री फिरवायची. मग तुकडा वळवून दुसरी पट्टी, ती पहिलीच्या टोकावरून जाते. लगतच्या दोन बाजूंना फिकं कापड, उरलेल्या दोन बाजूंना गडद. असे तीन फेरे झाले की आठ इंचांचा चौकोन तयार होतो. ९ गुणिले ८, म्हणजे ७२ चौकोनांत मोठ्या माणसाचं पांघरूण होतं. तेच ७२ चौकोन वेगवेगळे वळवून मांडले, तर कधी तिरपे पट्टे दिसतात, कधी एकात एक बसलेले शंकरपाळे. अमेरिकेत १८६० च्या दशकापासून घरोघरी हा चौकोन शिवला गेला तो या करामतीमुळेच.

इथे नजर फसते ती फिक्या-गडदात. लाल आणि हिरवा आपल्याला अगदी वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर नक्षी उठत नाही. तुकडे शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा, लगेच कळतं.

चौकोन जोडून झाले की खरी गोधडी सुरू होते, आणि तिथे आपल्याकडच्या बायांची पद्धत मला जास्त शहाणी वाटते. परदेशी पद्धतीत थर आधी कच्च्या टाक्यांनी बांधून मधून बाहेर शिवत जातात. आपली बाई थर जमिनीवर अंथरते, त्यावरच बसते आणि काठापासून धावदोरा घालत, चारी बाजूंनी फिरत आत सरकते. तिच्याच वजनाने थर हलत नाहीत. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायाही कवदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच काठावरून आत शिवतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत.

हे सगळं शिकवता येतं. अडतं ते कापडाशी. गोधडी ऊबदार आणि मऊ होते ती वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्यामुळे, धोतरामुळे. बाळाचं दुपटंही आजीच्या जुन्या पातळाचंच करायचे ते याचसाठी. आज घरातलं कपाट उघडलं तर दहातल्या आठ साड्या सिंथेटिक निघतील. ते कापड घाम शोषत नाही, इस्त्रीखाली आकसतं, शिवण धरत नाही आणि सुतीशेजारी बसवलं तर दोन धुण्यांत चौकोन वाकडा होतो. शंका आली तर एक सूत ओढून जाळून पाहा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते.

सुती मिळालं तरी पारखून घ्या. पातळ उजेडासमोर धरलं की बसण्याच्या जागी विरलेलं दिसतं, निऱ्यांचा भाग मात्र बहुधा धड असतो. काठ जाड विणलेला असतो, तो वेगळा काढा. पट्ट्या कात्रीने कापण्याऐवजी टोकाला चीर देऊन फाडा. धड कापड सरळ सुतात टर्रकन फाटतं, कुजलेलं मध्येच तिरकं जातं. ते आतल्या थरातही घालू नका. नवं कापड घेणार असाल तर आधी धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का पाहा.

मला खरं दुःख होतं ते याचं की सुती कापडाची ही वानवा खानदेशात व्हावी. जळगाव जिल्ह्यात खरिपात सर्वाधिक पेरा कापसाचाच असतो. अमळनेरला प्रताप मिल होती, धुळ्याला न्यू प्रताप मिल होती. जळगावच्या खानदेश मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. कापूस आपण पिकवतो, गाठी बाहेर जातात आणि अंगावर पॉलिस्टर येतं. जुन्या कापडाचं चीज कसं होतं पाहा: अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय शेतकरी बायांनी शेतात झिजलेल्या कपड्यांच्या अशाच चौकोनी गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. आपल्या बायांच्या गोधड्या अजून ट्रंकेतच आहेत.

तेव्हा एवढं करा. बोहारणीपुढे गाठोडं सोडण्याआधी त्यातली सुती लुगडी, पातळं, धोतरं बाजूला काढा. तीन-चार धड पातळांत एक गोधडी होते. आणि घरात काठापासून आत शिवणारी बाई असेल, तर या थंडीतच तिच्याजवळ बसून शिकून घ्या.