न्यूयॉर्क येथील युनिव्हर्सिटी क्लबचा वाडा

क्लब म्हटला कीं आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पत्ते कुटीत बसलेली मंडळी उभी राहतात. तो समज सर्वस्वी खोटा आहे असें नाहीं. तथापि न्यूयॉर्क शहरांत फिफ्थ अव्हेन्यू या प्रख्यात राजरस्त्यावर, चोपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला, एक क्लब असा आहे कीं, त्याचा सभासद होण्यास केवळ पैसा असून भागत नाहीं. विद्यापीठाची पदवी लागते. त्या क्लबचा वाडा पाहण्यासारखा आहे.

या संस्थेचें मूळ १८६१ सालापर्यंत मागें जातें. येल येथील कांहीं तरुण पदवीधर, कॉलेज सुटलें तरी स्नेह सुटूं नये म्हणून, न्यूयॉर्कांत एकत्र जमूं लागले. १८६५ सालीं क्लबला सरकारी सनद मिळाली. पुढें बरींच वर्षें बिऱ्हाड भाड्याच्या वाड्यांत होतें. तो वाडा विन्स्टन चर्चिल यांचे मातामह लेनर्ड जेरोम यांनीं बांधलेला. अखेर १८९६ सालीं सेंट ल्यूक्स नांवाचें रुग्णालय फिफ्थ अव्हेन्यूवरून शहराच्या उत्तरेस मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकडीवर गेलें, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर क्लबनें स्वतःचें घर उभारिलें. तें १८९९ सालीं पुरें झालें.

आराखडा चार्ल्स मॅकिम यांचा. हे पॅरिस येथें शिकलेले, आणि इटलींतील जुन्या सरदारी वाड्यांवर मोठी भक्ति असलेले स्थापत्यविशारद होते. आपल्या वाचकांस त्यांची ओळख दुसऱ्या एका वास्तूवरून पटेल. वर सांगितलेल्या टेकडीवरच कोलंबिया विद्यापीठाचें घुमटाकार लो ग्रंथालय आहे, तेंही मॅकिम यांचेंच. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत कोलंबियांत शिकले, तेव्हां विद्यापीठाचें मुख्य ग्रंथालय तेंच होतें.

आतां क्लबच्या इमारतीकडे वळूं. रस्त्यावरून पाहणारा मनुष्य बोट मोडून सांगेल कीं, मजले तीन आहेत. वस्तुतः ते नऊ आहेत! ही युक्ति कशी साधली तें समजण्यास विद्यार्थ्यांनीं वहींत एकावर एक तीन आडवे पट्टे काढावे. प्रत्येक पट्ट्यांत उंच कमानीच्या खिडक्यांची रांग काढावी, आणि त्यांच्या वर लहान खिडक्यांची. उंच कमानींमागें भव्य दालनें आहेत: तळाच्या पट्ट्यांत बैठकीचें दालन, मधल्यांत ग्रंथालय, वरच्यांत भोजनगृह. दालनांच्या अधेंमधें बुटके मजले चतुराईनें बसविले असून तेथें सभासदांच्या निजण्याच्या खोल्या आहेत. नऊ सारखे मजले सरळ रचले असते तर चाळ झाली असती. भिंती फिकट गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटच्या आहेत. चिऱ्यांचे सांधे मुद्दाम खोल ठेविल्यामुळें प्रत्येक सांध्यांत सावली पडते, आणि एवढ्या मोठ्या भिंतीस जड डोंगराची कळा न येतां ती रेखीव दिसते.

ग्रंथालयाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. त्याच्या कमानदार छतावर सिडन्स मोब्रे या चित्रकारानें काढलेलीं रंगीत चित्रें आहेत. रोममधील पोपच्या प्रासादांत पिंतुरिक्क्यो यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस जीं दालनें चितारलीं, त्यांचा नमुना मोब्रेनें पुढें ठेविला होता. धनिकांनीं धन कोठें खर्चावें याचा वाद निघाला तर हें छत मी पुरावा म्हणून देईन.

१९६३ सालीं मॅकिम यांचेंच पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडण्यास आरंभ झाला. त्या हळहळीनें शहर जागें झालें, १९६५ सालीं जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९६७ सालीं क्लबच्या घरास त्याचें संरक्षण मिळालें.

बाहेरच्या भिंतीवर हार्वर्ड, येल इत्यादि विद्यापीठांच्या मुद्रा संगमरवरांत कोरून बसविल्या आहेत. येल विद्यापीठानें १८९४ सालीं सात स्त्रियांस डॉक्टरची पदवी दिली होती. पांच वर्षांनीं त्याच विद्यापीठाची मुद्रा या भिंतीवर झळकली. मात्र तींतील एकीसही आंत सभासद म्हणून प्रवेश नव्हता. पदवीची अट होती, पण ती पुरुषाच्या पदवीची! आमच्या शाळेंतील मुलींच्या पालकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, अशा ठिकाणीं नुसत्या गप्पा होत नाहींत. ओळखी होतात, आणि ओळखींतून धंदा व अधिकाराच्या जागा मिळतात. न्यूयॉर्क शहरानें १९८४ सालीं नेमका हाच मुद्दा धरून कायदा केला. चारशेंहून अधिक सभासद असलेला, नित्य भोजनाची सोय ठेवणारा व धंद्यानिमित्त बाहेरच्यांचे पैसे घेणारा क्लब निव्वळ खासगी मानूं नये, असें त्यांत ठरलें. युनिव्हर्सिटी क्लबनें १९८७ सालीं स्त्रियांस सभासद करून घेण्याचें ठरविलें. कोणाशीं संगत करावी हें आमचें आम्हीं ठरवूं, असें म्हणून क्लबांचा एक संघ मात्र न्यायालयांत भांडत राहिला. १९८८ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्याचा दावा फेटाळून शहराचा कायदा कायम केला.