शहराच्या मध्यावरचा वर्ग

महापालिकेच्या मुख्य सभेला पहिल्यांदा गेलेला पत्रकारितेचा विद्यार्थी भाषणे उतरवून घेत बसतो. वहीची पाने भरतात, बातमी मात्र हाती लागत नाही. ती असते विषयपत्रिकेत: एका कामाचा निधी दुसरीकडे वळवणाऱ्या एखाद्या रुक्ष ठरावात. भाषण ऐकण्याआधी कागद वाचावा, हे त्या सभागृहात बसूनच कळते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचे मोल मला इथे दिसते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव लाभलेली ही वास्तू फर्ग्युसन रस्त्यावर आहे. पुणे विद्यापीठाने 1964 साली सुरू केलेला पत्रकारितेचा विभाग इथलाच. विद्यापीठ गणेशखिंडीला, विभाग भर शहरात. महापालिका चालत गाठता येते, शिवाजीनगरचे न्यायालयही फार लांब नाही. इंट्रो कसा लिहावा, एजन्सीची इंग्रजी कॉपी मराठीत आणताना वाक्य कुठे तोडावे, हे वर्गात शिकवता येते. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराला मृताचे नाव, वय, पत्ता दुसऱ्यांदा विचारण्याचा संकोच मात्र वर्गात मोडत नाही.

त्यात विद्यार्थ्याजवळ अधिस्वीकृतीपत्र नसते. ‘कुठल्या पेपरचे?’ या प्रश्नाला वजनदार उत्तर नसते, आणि मग फाइल पुढे सरकत नाही. अशा वेळी माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा कामी येतो. 10 रुपये शुल्क, साधा अर्ज, 30 दिवसांची मुदत. उत्तर आले नाही तर अपील. या कायद्यापुढे नावाजलेला वार्ताहर आणि विद्यार्थी सारखेच. प्रत्येक विद्यार्थ्याने शिकता शिकता असा एक अर्ज करावाच, असे मला मनापासून वाटते. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येते, हा धडा त्यातून पक्का होतो.

2021 साली हा विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवून तिथल्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करण्याचे घाटत होते. आजी-माजी विद्यार्थी विरोधात उभे राहिले आणि तो निर्णय थांबला. थांबला हे बरेच झाले. गणेशखिंडीचे आवार प्रशस्त आहे, सोयीही देता येतील. पण तास संपल्यावर महापालिकेत डोकावून संध्याकाळी बातमी लिहून दाखवणे तिथून जड जाईल, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला ती जादा धावपळ झेपणार नाही.