लोणारचा गुलाबी रंग आणि कोलेस्टेरॉलची गोळी

2020 च्या जून महिन्यात लोणारचं सरोवर गुलाबी झालं. त्याच्या हिरवट पाण्याची सवय असलेल्या डोळ्यांना विश्वास बसेना. फोटो देशभर फिरले, पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोहोचले आणि उलगडा झाला. पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले होते, आणि तो गुलाबी रंग त्यांचा होता.

आता बुलढाण्यात, खामगावात, मेहकरात कितीतरी घरांत रोज घेतली जाणारी एक छोटी गोळी आठवा: ॲटोरव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी. या गोळीचं आणि त्या रंगाचं नातं आहे. ते समजलं, की "कंपनीची गोळी सोडून जेनेरिक घेतली तर चालेल का?" या प्रश्नाकडे बघण्याची नजरच बदलते.

हॅलोआर्किया आपलं रंगद्रव्य विटा रचल्यासारखं बांधतात. प्रत्येक वीट पाच कार्बन अणूंची. या कुळातल्या जीवांचं ठळक लाल रंगद्रव्य, बॅक्टेरिओरुबेरिन, अशा दहा विटांचं असतं. आपलं यकृतही त्याच पाच कार्बनच्या विटा पाडतं. सहा विटा जोडून एक साखळी करतं आणि ती वळवून, कापून, घडवून कोलेस्टेरॉल तयार करतं. खाऱ्या पाण्यातला एकपेशीय जीव आणि माणूस यांच्यात उत्क्रांतीचं अब्जावधी वर्षांचं अंतर आहे, तरी वीटभट्टी एकाच घडणीची! दोन्ही भट्ट्यांवर मुकादमही एकाच कुळातला. एचएमजी-कोए रिडक्टेज हे त्या विकराचं नाव. हा मुकादम थांबला, की विटा पडायच्या थांबतात.

स्टॅटिन, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनच्या घराण्यातलं औषध, नेमकं हेच करतं. त्याच्या रेणूचा एक भाग मुकादमाच्या हातातल्या कच्च्या मालासारखाच दिसतो. तो विकराच्या खोबणीत जाऊन बसतो आणि खऱ्या मालाला जागा उरत नाही. कोलेस्टेरॉलचा तुटवडा पडला, की यकृत आपल्या पेशींवर जादा 'हात' उगवतं आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण ओढून घेतं. हे हात शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 साली नोबेल मिळालं. आणि लोणारच्या जीवांचे भाऊबंद? 1989 साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी मृत समुद्रातल्या हॅलोआर्कियावर स्टॅटिनच वापरलं. त्या जीवांची वाढ खुंटली. ज्यांच्यात हा विकर जास्त प्रमाणात तयार होत होता, तेवढे तगले.

या औषध-घराण्याचा उगमही कुठल्या झगमगीत कारखान्यात नाही. जपानमध्ये अकिरा एन्डो यांनी सुमारे 6,000 बुरशींची तपासणी केली. शत्रू-सूक्ष्मजीवांची ही वीटभट्टी बंद पाडणारं अस्त्र एखाद्या बुरशीने नक्कीच घडवलं असेल, असा त्यांचा कयास होता. 1973 साली ते अस्त्र सापडलं, क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत! ॲटोरव्हास्टॅटिन मात्र प्रयोगशाळेत घडवलं गेलं. अमेरिकेत ब्रूस रॉथ यांनी 1985 साली ते प्रथम बनवलं आणि 1997 पासून ते लिपिटॉर या नावाने विकलं जाऊ लागलं. अमेरिकेत स्वस्त जेनेरिकसाठी लोकांना 2011 च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत, पेटंट संपेपर्यंत, थांबावं लागलं.

भारतात थांबावं लागलं नाही. 1970 च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी दिली नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर दिली. ही सवलत 2005 पर्यंत टिकली. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी हाच रेणू आपापल्या पद्धतीने बनवला आणि त्याला आपापली नावं दिली. म्हणजे मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणलेली 'कंपनीची' गोळीसुद्धा बहुतेक वेळा जेनेरिकच होती, फक्त तिचं बारसं झालेलं होतं! जनऔषधी केंद्रात मिळते ती बारसं न झालेली बहीण. ब्रँडचा प्रचार तिला सांभाळायचा नसतो, म्हणून बहुतेकदा तिची किंमत निम्म्याहूनही कमी असते.

पण बहिणी सारख्या निघतात हे कशावरून? गोळीत रेणू असणं पुरेसं नाही, तो रक्तात उतरायला हवा. ॲटोरव्हास्टॅटिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून इथे परीक्षा कडक लागते. निरोगी स्वयंसेवकांना आधी एक गोळी देतात, काही दिवसांच्या खंडानंतर दुसरी. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त घेऊन औषध किती चढलं आणि कधी उतरलं याचा आलेख काढतात. दोन आलेखांचं गुणोत्तर, त्यातली अनिश्चितता धरूनही, 80 ते 125 टक्क्यांच्या पट्ट्यात बसावं लागतं. हा पट्टा ऐकायला रुंद वाटतो, पण अनिश्चिततेसकट आत बसायचं तर प्रत्यक्ष फरक फार थोडा असावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा 2,070 चाचण्या तपासल्या, तेव्हा रक्तात पोहोचलेल्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. भारतात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या परवान्यांसाठी ही चाचणी 2017 पासून सक्तीची आहे. जनऔषधीच्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच पुढे जाते.

रक्तातल्या आलेखाच्या पुढचा पुरावाही आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, हृदयविकाराच्या तीव्र त्रासानंतर घरी परतलेल्या पंधरा हजारांवर ज्येष्ठ रुग्णांची तुलना झाली. निम्मे लिपिटॉरवर होते, निम्मे जेनेरिकवर. वर्षभरानंतर मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

तरीही घरातली आजी नवी गोळी तळहातावर घेऊन म्हणतेच, "हे गोयी तं वेगयीच दिसते." ही शंका हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या एका अभ्यासात गोळीचा रंग किंवा आकार बदलल्यावर औषध मध्येच सोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मनाची ताकद किती असते, हे लंडनच्या 2020 सालच्या एका प्रयोगाने दाखवलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने औषध नसलेली आणि काही महिने काहीच नाही. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासापैकी सुमारे 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला! त्यांचं दुखणं खरंच होतं, पण बहुतेक वेळा ते रेणूमुळे नव्हतं. म्हणून गोळी बदलताना घरच्यांना शांतपणे समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे.

बदल करताना डॉक्टरांना सांगा. नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळवा. रोसुव्हास्टॅटिन त्याच घराण्यातलं असलं तरी वेगळं औषध आहे. काही गोळ्यांत ॲस्पिरिन किंवा दुसरं औषधही मिसळलेलं असतं, तेही बघा. जुनी आणि नवी गोळी दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेऊ नका. काही आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. स्नायू खूप दुखले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि आज घरी गेल्यावर स्ट्रिप उलटी करून बघा. 2018 च्या सप्टेंबरपासून औषधाचं मूळ नाव कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक आहे. ते मोठं नाव एकदा मोठ्याने वाचा. चिठ्ठीवरच्या नावाशी आणि मिलिग्रॅमशी ते जुळलं, तर यकृतातला मुकादम बारशाचं नाव विचारत नाही. लोणारच्या पाण्यातल्या त्याच्या भाऊबंदांनाही खोबणीत बसणारा आकार तेवढा कळतो.