आधी जन्माचा दाखला

१२ फेब्रुवारी हा बालसैनिकांच्या भरतीविरोधातला जागतिक दिवस. मुलांना युद्धापासून दूर ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार २००२ साली याच तारखेला लागू झाला. लाल रंगात बुडवून कागदावर उठवलेला हात ही या दिवसाची खूण. निपाणीत आम्ही तसे फलक रंगवले, तर पहिलाच प्रश्न आला, "कुठल्या वॉर्डातनं उभारलाय?" पंजा दिसला की निवडणूकच आठवणार! फलक गुंडाळले आणि पथनाट्य बसवलं.

पहिला प्रयोग जवळच्याच एका गावात, मारुतीच्या देवळापुढं. हत्यारबंद टोळी येते, आईला ढकलून बारा वर्षांच्या पोराला ओढते आणि त्याच्या हातात बंदूक देते. इथं सगळे हळहळतील असं धरून चाललो होतो. पोरानं लाकडी बंदूक खांद्याला लावली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! मागून शिवरायांचा जयजयकारही घुमला.

गावाला बोल कसा लावणार? १९२२ पासून बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. या पट्ट्यात भावकीत एखादा तरी फौजी असतोच, आणि भरतीसाठी पोरं अंधारातच रस्त्याला पळायला निघतात. इथं बंदूक म्हणजे मान.

वाट दाखवली ती एका निवृत्त सुभेदारांनी. प्रयोग संपल्यावर त्यांनी आम्हाला कट्ट्यावर बसवून घेतलं. म्हणाले, "भरतीत आम्हाला आधी जन्माचा दाखला मागितला, छाती मागनं मोजली. ह्या पोराला काय विचारलं कुणी?"

तेच वाक्य आम्ही नाटकात घेतलं. बंदूक काढली, पोराच्या पाठीवर त्याच्याएवढं ओझं दिलं. खरंही तेच आहे. अशी मुलं ओझी वाहतात, रांधतात, निरोप पोचवतात, टेहळणी करतात. मुलींच्या वाट्याला याहून भयंकर येतं. हे फक्त आफ्रिकेतलं दुखणं नव्हे. छत्तीसगड-झारखंडच्या जंगलांतल्या नक्षलवाद्यांच्या 'बालदस्त्यां'ची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. पुढच्या प्रयोगांत ओझ्याच्या प्रसंगाला टाळी पडली नाही. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

"पोरगं आपणहून गेलं तर?" हा प्रश्न हमखास येतो. अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून भरती होऊ शकतो, पण अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्याला लढाईवर धाडत नाहीत. टोळ्यांना मात्र अठराच्या आतलं मूल राजीखुशीनंही घेता येत नाही. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यात त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. काँगोतल्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०१२ मध्ये अशाच गुन्ह्यासाठी चौदा वर्षांची शिक्षा ठोठावली.

बेळगाव-निपाणीच्या गणेश मंडळांना कळकळीची विनंती आहे. सैन्याच्या पराक्रमाचे देखावे तुम्ही मनापासून उभे करता. यंदा एक देखावा या मुलांचा करा.