टायर झिजत नाही, म्हातारा होतो

२०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक निकाल लागला. वाद वकिलांच्या फीचा होता, पण त्याच्या मुळाशी होता एक टायर. २००३ मध्ये एका कुटुंबाची मोटरहोम, म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज आणि बाथरूमसकट धावणारं घर, रस्ता सोडून उलटली होती. गुडइयरच्या जी-१५९ टायरने दगा दिला म्हणून गाडी उलटली, असा कुटुंबाचा दावा होता. बरीच वर्षं खटला चालला, शेवटी तडजोड झाली. त्यानंतर त्यांच्या वकिलाला वर्तमानपत्रातून कळलं, की कंपनीकडे आणखी एक चाचणी अहवाल होता. तो मागूनही त्यांना दिला नव्हता. ताशी ५५ ते ६५ मैलांच्या वेगाला, म्हणजे साधारण ९० ते १०५ किलोमीटरला, हा टायर नको तितका तापतो, असं त्या चाचणीत दिसलं होतं. महामार्गावर मोटरहोम धावते ती नेमकी याच वेगाला.

जी-१५९ मुळात शहरात घरोघर माल पोहोचवणाऱ्या ट्रकांसाठी होता. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं, अशी त्या ट्रकांची चाल. मोटरहोम भर उन्हात सलग चार-चार तास पळते. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेच्या तपासानंतर कंपनीने २०२२ मध्ये असे सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत बोलावले. टायरमध्ये दोष असल्याचं मात्र तिने मान्य केलं नाही. हे टायर १९९६ ते २००३ या काळात बनलेले. इतक्या वर्षांनी ते कुणाच्या गाडीला असतीलच कशाला, असं वाटेल. पण मोटरहोमच्या बाबतीत असू शकतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

ही गाडी फिरते कमी आणि उभीच जास्त असते. निवृत्त जोडपी उन्हाळ्यात दोन-तीन महिने देश पालथा घालतात, उरलेलं वर्ष गाडी अंगणात किंवा भाड्याच्या आवारात पडून. वर्षाकाठी काही हजार मैल झाले तरी पुष्कळ. त्यामुळे नक्षी झिजायच्या आधीच रबर म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला तडे पाडतात. ते होऊ नये म्हणून टायर बनवताना रबरात मेणासारखी रसायनं मिसळलेली असतात, पण टायर फिरत, दबत राहिला तरच ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण मिळत नाही. नक्षी नव्यासारखी, बाजूची भिंत मात्र उकललेली, असा टायर मोटरहोमवाल्यांना नवा नाही.

वय कळायला सोपं आहे. बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा, पुढे काही बघायची गरजच नाही. कधी कधी हे आकडे टायरच्या आतल्या अंगाला येतात. मग बॅटरी घेऊन गाडीखाली शिरावं लागतं, कपडे मळतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी नक्षी कशीही असली तरी काढून टाका, असं मिशेलिन सांगते. जुने मोटरहोमवाले सात वर्षांपलीकडे वाट बघत नाहीत.

आपल्याकडे टायरचा विषय लोकांच्या तोंडी आला तो समृद्धी महामार्गामुळे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. चांगलंच केलं. पण बारा वर्षं उभ्या राहिलेल्या मोटरहोमचा टायर त्या तपासणीतून सहज सुटेल. नक्षी तर शाबूत आहे ना!

झीज दिसलीच तर ती बोलते. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा खाल्ला असेल तर जास्त, एवढं कुठलाही पंक्चरवाला सांगेल. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचलं, तर चाकं समांतर नाहीत, अलाइनमेंट करून घ्या. थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले, तर शॉक अब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. नक्षीच्या खाचांच्या कडेने नदीच्या पात्रासारखी सलग झीज मात्र पुढच्या चाकांवर पुष्कळदा दिसते. एरवी सगळं ठीक असेल तर तिच्यापायी झोप उडवून घेऊ नये.

पण अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी वजनकाट्यावर जा. माझा आग्रह असेल तर तो एवढाच. मोटरहोमचं वजन कधी सारखं वाटलेलं नसतं. फ्रिज एका बाजूला, जनरेटर एका कोपऱ्यात, बाहेर सरकणारी खोली आणखी एकीकडे. शंभर गॅलनची पाण्याची टाकी भरली की पावणेचारशे किलोंहून जास्त भर पडते, तीही बहुधा एकाच जागी. कारखान्याने चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला हवेचा दाब तुमची भांडीकुंडी, सायकली आणि पुस्तकं धरून काढलेला नसतो. अमेरिकेतल्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे १९७७ पासून आहेत. तिथे थोड्या डॉलरांत प्रत्येक आसावरचं वजन छापून मिळतं. चारही कोपरे वेगळे मोजून मिळाले तर सोन्याहून पिवळं. मग टायर कंपनीचा तक्ता उघडायचा, आसाच्या जड टोकाला लागणारी हवा बघायची आणि त्या आसावरच्या सगळ्या टायरमध्ये तेवढीच भरायची. हलक्या बाजूला कमी भरली की गाडी ओढू लागते.

हवा मोजायची ती गार टायरची, म्हणजे गाडी काही तास उभी असताना, ऊन अंगावर यायच्या आत. अ‍ॅरिझोनातलं फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच आहे. समजा, पहाटे पाच अंश सेल्सिअसला तिथे १०० पीएसआय हवा भरली आणि २३० किलोमीटर उतरून फिनिक्सला आलात. तिथे दुपारी चाळीस अंश. रस्त्याच्या घर्षणाची उष्णता सोडून द्या, नुसत्या हवामानाने काटा १११च्या आसपास जाईल. पळून तापलेल्या टायरचा त्याहून वर. इथे नवखा माणूस घाबरतो आणि हवा सोडतो. दुसऱ्या गार सकाळी तोच टायर उपाशी असतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापलेल्या टायरचं पुढे काय होतं ते जी-१५९च्या खटल्यात दिसलंच. तापलेल्या टायरची हवा सोडू नये.

हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली तीही टायरच्याच एका प्रकरणातून. २००० साली फायरस्टोनच्या टायरमुळे फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटण्याचं प्रकरण गाजलं, संसदेने कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत ही यंत्रणा बंधनकारक झाली. गंमत अशी, की हा नियम ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांना आहे आणि मागे जोडचाकं असलेल्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे बहुतेक मोठ्या मोटरहोम बाहेर. ज्या गाडीला सगळ्यात जास्त गरज, तिला सक्ती नाही. शिवाय कायद्यातला दिवा हवा २५ टक्के घटल्यावर पेटतो. मोठ्या टायरच्या धंद्यात २० टक्के हवा गेलेला टायर पंक्चर धरतात. तशा टायरवर गाडी पळवली असेल तर आतले पोलादी धागे तुटलेले असू शकतात आणि पुन्हा हवा मारताना बाजूची भिंत चेनसारखी उकलून फुटते. टायरवाले म्हणूनच तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात. रस्त्याच्या कडेला कंप्रेसर लावून ही कसरत करू नये.

म्हणून मोटरहोमवाले बाजारातून संच आणून बसवतात. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर एक पडदा. सेन्सरला वजन असतं, रबरी व्हॉल्व्ह त्याने हळूहळू चिरतो, तेव्हा आधी धातूचे व्हॉल्व्ह घाला. मागच्या जोडचाकांतला आतला टायर डोळ्यांना धड दिसत नाही, काठीने ठोकूनही कळत नाही. तो बसला तर शेजारचा दोघांचं ओझं घेऊन पळत राहतो. सेन्सर त्यालाही हवाच. पडद्यावरच्या तापमानावर मात्र फार विसंबू नये. टोपणावरचा सेन्सर बाहेरच्या वाऱ्यात असतो, आतली खरी उष्णता त्याला कळत नाही.

आता विजेकडे वळू, कारण या यंत्रणेची निम्मी रडगाणी टायरची नसतातच. अकरा-बारा मीटर लांब गाडीच्या मागच्या चाकाचा क्षीण सिग्नल पुढे पोहोचत नाही म्हणून मागे एक रिपीटर लावतात. त्याला बारा व्होल्टची वायर लागते. पडदा म्हणतो, मागच्या उजव्या टायरचा सिग्नल गेला. मालक सेन्सरची बॅटरी बदलतो, मग सेन्सर बदलतो, मग संच बनवणाऱ्याला शिव्या घालतो. दोष असतो रिपीटरच्या अर्थिंगमध्ये. चासीच्या ज्या बोल्टला वायर कसली आहे, तिथे गंज धरलेला असतो.

हे पकडायला दोन मिनिटं लागतात. साधा मल्टिमीटर घ्या. उपकरण चालू ठेवा, बंद करून मोजाल तर काहीच सापडणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी उपकरणाच्या अर्थिंगच्या टोकाला लावा. व्होल्टचा एखादा दशांश दिसला तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर तेवढा दाब गंजात जिरतोय. बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा. मंद दिवे, मध्येच बंद पडणारा फ्रिज, अडकणारी पायरी, अशा कितीतरी तक्रारींचा उगम अशाच एखाद्या बोल्टखाली सापडतो.

मोटरहोममध्ये विजेचे तीन संसार एकत्र नांदतात. इंजिनाची बारा व्होल्टची बॅटरी, घराच्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या आणि बाहेरून येणारी १२० व्होल्टची वीज. बिघाड कुठल्या संसारात आहे हे ठरवल्याशिवाय फ्यूजला हात लावू नये. घरच्या बॅटऱ्या आम्लाच्या असतील तर चार्जर आणि सगळा लोड बंद करून काही तासांनी मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्याखाली वारंवार उतरवली की बॅटरीचं आयुष्य घटतं. सगळं बंद करून ठेवलेल्या गाडीतही गॅसगळतीचा भोंगा आणि रेडिओची स्मृती वीज पीत असतात, काही आठवड्यांत बॅटरी उतरते.

बाहेरच्या विजेत मात्र जीव जाऊ शकतो. छोट्या गाड्यांना तीस अँपिअरचा १२० व्होल्टचा सॉकेट लागतो, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॉट. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना पाणी तापवायला घेतलं की ब्रेकर पडणारच, तो बिघाड नव्हे. हा सॉकेट कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखा दिसतो. घरी गाडी उभी करायला बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने त्यात २४० व्होल्ट जोडले, तर क्षणात सगळी उपकरणं जळतात. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंड भरलं की दाब १०४ व्होल्टच्या खाली जातो आणि एसीचा कंप्रेसर धापा टाकतो. चांगला सर्ज प्रोटेक्टर या दोन्ही वेळी आधीच वीज तोडतो.

आणि इथे टायर पुन्हा येतात. रबर विजेला रोखतं, त्यामुळे या घराला जमिनीशी जोडणारी वायर एकच, प्लगमधली अर्थिंगची. ती तुटली आणि आत कुठे गळती झाली, की गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराच्या कडीला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर ‘थोडासाच करंट आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कुणालाही गाडीला हात लावू देऊ नका आणि वीज थेट खांबावरच्या ब्रेकरने बंद करा.

मुलांकडे अमेरिकेला जाणारी अनेक मराठी मंडळी आता अशी गाडी भाड्याने घेऊन ग्रँड कॅनियन, यलोस्टोन करतात. गाडी ताब्यात घेताना तिथला माणूस शेगडी कशी पेटवायची ते अर्धा तास दाखवेल. त्याला थांबवा आणि सहाही टायरचे शेवटचे चार आकडे वाचा. गार टायरला किती हवा हवी ते त्याच्याकडून लिहून घ्या. एक हवा मोजायचा गेज, एक मल्टिमीटर आणि सॉकेटला लावायचा टेस्टर सोबत ठेवा. टायर सात वर्षांहून जुने निघाले, तर संकोच न करता दुसरी गाडी मागा.