जोडमूळ संख्या : ओळख आणि पारख

स्मरणिकेसाठी लेख मागितला म्हणजे लोक आठवणी लिहितात, नाहीतर आभार मानतात. आम्ही पडलो गणिताचे मास्तर. आमच्यापाशी द्यायला आकडेच. तेव्हा विषयाच्या रूक्षपणाबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागून जोडमूळ संख्यांविषयी चार शब्द लिहितो. हा विषय घेण्यास एक कारण घडले. ते प्रथम सांगितलेले बरे, कारण त्यात चूक आमची आहे.

आठवीच्या एका चाचणीत आम्ही प्रश्न घातला होता : १ ते १०० मधील जोडमूळ संख्यांच्या सर्व जोड्या लिहा. एका मुलीने आठ जोड्या लिहिल्या. आमच्या टिपणात नऊ होत्या. आम्ही तिचा एक गुण कापला आणि त्या एका गुणाने तिचा पहिला नंबर गेला. दुसऱ्या दिवशी ती रुमालात चिंचोके बांधून घेऊन आली आणि आमच्या टेबलावर मांडू लागली. तेरा-तेराच्या सात ओळी झाल्या. “सर, हे एक्क्याण्णव आहेत,” एवढेच ती म्हणाली. आम्ही ८९ व ९१ ही नववी जोडी धरली होती! ९१ ही संख्या दिसायला मोठी साळसूद. दोनाच्या, तिनाच्या, पाचाच्या पाढ्यात ती सापडत नाही. आणि तेरा साते एक्क्याण्णव हे पाठ असूनही ऐन वेळी आठवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जिला फक्त १ ने आणि स्वतःनेच नि:शेष भाग जातो, ती मूळ संख्या. येथे उज्जैनच्या शाळांत मुले हिंदीत तिला ‘अभाज्य’ म्हणतात आणि घरी मराठी पुस्तक उघडले की तीच ‘मूळ’ होते, अर्थ एकच. १ ला मूळ संख्येत धरत नाहीत. दोन मूळ संख्यांत नेमका दोनाचा फरक असला म्हणजे ती जोडमूळ संख्यांची जोडी : ३ व ५, ५ व ७, ११ व १३, १७ व १९. मुले २ व ३ लिहून मोकळी होतात, पण त्यांत फरक एकाचा आहे. ३, ५, ७ असे तिघे ओळीने आलेले पाहून पुढेही असे त्रिकूट सापडेल का, असे हुशार मूल विचारतेच. सापडणार नाही. दोन-दोनाच्या अंतरावरील कोणत्याही तीन संख्यांपैकी एकीला तिनाने भाग जातोच, आणि तिनाने भाग जाणारी मूळ संख्या ३ ही एकटीच.

जोडी ओळखायची कशी? त्यासाठी जोडीकडे न पाहता तिच्या मधल्या संख्येकडे पाहावे, असे आमचे मत आहे. ३ व ५ ही पहिली जोडी सोडली, तर मधली संख्या नेहमी सहाच्या पाढ्यातली असते. जोडीतल्या दोन्ही संख्या विषम, म्हणून मधली सम. आणि लागोपाठच्या तीन संख्यांत एकीला तिनाने भाग जायचाच, तो जोडीतल्या दोघींना जात नाही, म्हणून मधलीलाच जातो. तेव्हा ६, १२, १८, २४ असे पुढे जावे आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजू तपासाव्या. ६ नंतर आणखी एक सोय आहे. मधलीच्या एकम स्थानी ४ किंवा ६ असेल, तर शेजारची एक संख्या ५ ने संपते आणि ती बाद होते. म्हणजे ०, २ किंवा ८ ने संपणाऱ्याच मधल्या संख्या पाहायच्या. १२० पर्यंत अशा उरतात बारा : १२, १८, ३०, ४२, ४८, ६०, ७२, ७८, ९०, १०२, १०८, १२०.

राहिली सातची परीक्षा. मधलीला ७ ने भागून बाकी १ किंवा ६ उरली, तर अनुक्रमे डावी किंवा उजवी शेजारीण सातच्या पाढ्यात गेली असे समजावे. ४८, ७८, ९० आणि १२० येथे गळतात. ९० ला ७ ने भागले तर बाकी ६. एवढा भागाकार आम्ही केला असता तर चिंचोक्यांची वेळ आली नसती. बाकीच्या आठ मधल्या संख्या खऱ्या जोड्या देतात. त्यांत ४ आणि ६ या मधल्या मिळवल्या की १२० पर्यंतच्या दहा जोड्या होतात, आणि १०० पर्यंतच्या आठच.

पुढे मोठ्या संख्यांना ११, १३, १७ या परीक्षाही लावाव्या लागतात. जी संख्या तपासायची तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. वाचकांनी ८८२ ही मधली घेऊन २९ पर्यंत भागून पाहावे. ८८१ व ८८३ ही खरी जोडी आहे आणि १००० च्या आतली ती शेवटची. ९०० ते १००० या शंभरात चौदा मूळ संख्या आहेत, पण जोडी एकही नाही! त्यानंतर एकदम १०१९ व १०२१.

काही गाइडांत आणखी एक ‘खूण’ दिलेली असते : जोडीचा गुणाकार करून १ मिळवला की पूर्ण वर्ग येतो. ११ गुणिले १३ अधिक १ म्हणजे १४४, बाराचा वर्ग. गोष्ट खरी, पण ती खूण नव्हे. ८ गुणिले १० अधिक १ हाही नवाचा वर्गच. दोनाच्या अंतरावरील कोणत्याही दोन संख्यांना ते लागू आहे. तसेच ५ व ७ पासून पुढे जोडीच्या बेरजेला १२ ने भाग जातो. बारा वर्षांनी सिंहस्थ भरवणाऱ्या आमच्या गावाला हे आवडण्यासारखे आहे. पण २३ आणि २५ यांची बेरीजही ४८ च.

वर्गाचा खरा उपयोग नारायण पंडिताने करून ठेवला आहे. १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त विभाजक शोधण्याची त्याची रीत आहे. दिलेल्या संख्येत एखादा वर्ग मिळवून पूर्ण वर्ग होतो का ते पाहायचे. ९१ मध्ये ९ मिळवले की १००. म्हणजे ९१ हा दहाच्या व तिनाच्या वर्गांमधला फरक, आणि तिचे विभाजक १० उणे ३ व १० अधिक ३. सात आणि तेरा! त्याच्याही तीनशे वर्षे आधी बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने मूळ संख्येचा एक सुंदर गुण वापरला होता : तिच्या आतल्या सर्व संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की तिने भाग जातो. ७ साठी ७२० अधिक १, म्हणजे ७२१, सात गुणिले १०३. पाहायला देखणा, पण शंभरच्या घरात गुणाकार करता करता शाई संपेल.

या जोड्या कधी संपतात का? मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दाखवले; जोड्यांचे मात्र आजतागायत कोणाला सिद्ध करता आलेले नाही. १९१९ मध्ये नॉर्वेच्या ब्रून यांनी दाखवले की सर्व जोड्यांच्या व्यस्तांची बेरीज मर्यादित राहते. २०१३ मध्ये अमेरिकेत शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या यितांग झांग यांनी सिद्ध केले की ७ कोटींपेक्षा कमी अंतरावर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढील वर्षात अनेकांनी मिळून ते अंतर २४६ वर आणले. हवे आहे २. झांग यांना पदवीनंतर काही काळ खाद्यपदार्थांच्या दुकानात काम करावे लागले होते, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.

‘याचा उपयोग काय?’ असे पालक विचारतात. १९९४ मध्ये नाइसली नावाचे प्राध्यापक ब्रून यांच्या त्या बेरजेसाठी संगणकावर व्यस्त काढीत होते. ८,२४,६३,३७,०२,४४१ आणि तिची जोडीदार ...४४३ यांच्याशी गणित अडले. शोध घेता दोष निघाला पेंटियम चिपच्या भागाकारात! चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलर सोसावे लागले. या जोडीची मधली संख्या ...४४२, ती २ ने संपते, अंकांची बेरीज ४५ येते, म्हणजे सहाने भाग जातो. एवढी परीक्षा वाचक पाटीवरही घेऊ शकतील.

त्या मुलीचा निकाल एव्हाना लागून गेला होता. आम्ही नोंदवहीत तांबड्या शाईने दुरुस्ती करून सही केली आणि वर्गासमोर कारणही सांगितले; पहिला नंबर तिला परत मिळाला. चिंचोके ती टेबलावरच सोडून गेली, ते आमच्या खणात आहेत. परवा मोजले तर दोन कुठेतरी हरवलेले, ८९ भरले. किती तऱ्हेने मांडून पाहिले, सारख्या ओळी काही होत नाहीत.