बाजरीचा गोसावी रोग : औषध नेमके कोठे काम करते?

बाजरीच्या कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका दिसला, की गोसावी रोग आला हे आपण ओळखता. अशा कणसात दाणा भरत नाही. म्हणूनच पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास ६ ग्रॅम मेटॅलॅक्झील ३५ टक्के चोळण्याची शिफारस आहे. या औषधाचे कार्य समजले तर विनाकारण होणारा खर्च टळेल.

प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने बनविणारे सूक्ष्म कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांचा सांगाडा मुख्यतः रायबोसोमल आरएनएचा असतो. पेशीतील एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के वाटा याचाच. तो तयार करणारे विकर म्हणजे आरएनए पॉलिमरेज-१. यीस्टमधील या विकराची सविस्तर रचना २०१३ मध्ये उलगडली. त्यात प्रथिनांचे १४ घटक आहेत. त्यांपैकी दोन मोठे घटक खेकड्याच्या नांगीसारखी खाच तयार करतात. खाचेत डीएनएचा धागा बसतो आणि त्याबरहुकूम आरएनएची साखळी जोडली जाते.

गोसावीची बुरशी ऊमायसीट गटातील आहे. मेटॅलॅक्झील या गटातील हेच विकर बंद पाडते. नवे रायबोसोम तयार न झाल्याने बुरशीच्या तंतूंची वाढ थांबते. मात्र बीजाणूंत जुने रायबोसोम शिल्लक असतात, त्यामुळे ते रुजू शकतात. म्हणून औषध सुरुवातीपासूनच रोपात असावे लागते. बीजप्रक्रियेचे महत्त्व यातच आहे.

परभणी जिल्ह्यात तूर घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुरीचा मर रोग फ्युजेरियम बुरशीमुळे होतो. ती या गटातील नाही, त्यामुळे तेथे मेटॅलॅक्झील वापरणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. त्यासाठी बीएसएमआर-७३६ सारखा प्रतिकारक वाण निवडावा व ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी.

दुसरा धोका प्रतिकारशक्तीचा. हे औषध एकाच ठिकाणी घाव घालते. १९८० मध्ये आयर्लंड व नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या करप्याची बुरशी त्याला दाद देईनाशी झाली. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, या विकराच्या सर्वांत मोठ्या घटकाच्या जनुकातील बदल त्यामागे असल्याचे दिसून आले.

तेव्हा रोगप्रतिकारक वाण निवडावा, रोगट झाडे उपटून नष्ट करावीत आणि फवारणीची गरज पडल्यास एकट्या मेटॅलॅक्झीलऐवजी मॅन्कोझेबसह तयार मिश्रण, लेबलवरील शिफारशीनुसारच वापरावे. औषध दुकानात जाण्यापूर्वी रोगाची ओळख पटवून घ्यावी.